कळल्यानंतरचं पाणी

मामी पाणी उकळून पितात. टीसीएलचं द्रावण कधी टाकायचं, किती टाकायचं हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाहून त्यांना अधिक माहीत असेल. हंड्यावर दुहेरी फडकं, ओगराळं स्वच्छ, पाण्यात हात घालणाऱ्या नातवाला धपाटा. गावात गॅस्ट्रोची साथ आली तेव्हा त्यांच्या घरात कुणाला साधी ढाळ लागली नव्हती. पाण्याविषयी एका बाईनं जितकी काळजी घ्यायची तितकी त्यांनी आयुष्यभर घेतली. मी मात्र एका दुपारी बदनापूर तालुक्यातल्या त्यांच्या अंगणात बसून सांगितलं, की तुमच्या बोअरच्या पाण्यात शिसं असू शकतं, आणि उकळल्यानं ते जात नाही.

मी रसायनशास्त्र शिकवतो. शेजारच्या शिवारात कुणीतरी पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं. दोनेक वर्षांनी ते बंद पडलं, शेड गेली, काळी माती राहिली. मामींची बोअर तिथून हाकेच्या अंतरावर. मला शंका आली, म्हणून फेब्रुवारीत बाटली भरली, त्यात आम्लाचे थेंब टाकले आणि प्रयोगशाळेत दिली. अहवाल यायला दीड महिना लागला. लिटरमागे शिसं ०.०३ मिलिग्रॅम. भारतीय मानक १०५०० प्रमाणे मर्यादा ०.०१. म्हणजे तिप्पट. पण अहवाल हातात पडला तोवर एप्रिल लागला होता आणि बोअर आटली होती. गावात टँकर सुरू झाला होता.

खरं सांगायचं तर तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. जे पाणीच नाही, त्याच्याबद्दल काय सांगायचं?

जुलैत बोअरला पाणी आलं. मग मात्र सांगावं लागलं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कळलं बाबा. आता कशाचं पिऊ?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

१

'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. कधीकाळी ती व्यापारावरून पडली असेल. आज विचाराल तर जालन्याची दोन सोनी आहेत, बियाणं आणि लोखंड. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको सुरू केली आणि हे गाव देशभरच्या शेतकऱ्याला माहीत झालं. दुसरीकडे औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये देशोदेशीचं भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होऊन घरांच्या स्लॅबमध्ये जातात. या दोन्हींना लागतं ते पाणी मात्र जालन्याकडे कधीच पुरेसं नव्हतं. शहराची तहान निजामकाळातल्या घाणेवाडी तलावावर आणि पुढे थेट पैठणहून आणलेल्या जायकवाडीच्या पाण्यावर भागवावी लागली. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी झाडं तोडून जळणाला विकली. ज्या मुलखात पाणी आहे की नाही हाच रोजचा प्रश्न, तिथं पाण्यात काय आहे हा प्रश्न चोचल्याचा वाटतो.

पण धातूंचं वैशिष्ट्य हे, की त्यांना रंग, वास, चव काही नाही. निदान ज्या प्रमाणात ते अपाय करतात त्या प्रमाणात तरी नाही. गढूळ पाणी डोळ्याला दिसतं, मचूळ पाणी जिभेला कळतं, सडलेलं नाकाला. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांच्यापुढे आपली पाचही इंद्रियं आंधळी आहेत. भंगारातल्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, रंग असतो. ते वितळताना जस्त, शिसं, कॅडमियम वाफेबरोबर वर जातात आणि धुळीत उतरतात. म्हणून भट्टीची धूळ ही साधी धूळ नसते. ती कशी साठवतात, कुठं टाकतात हे विचारावंच लागतं. आणि शिशाच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की अपाय होत नाही असं त्याचं कुठलंही प्रमाण माहीत नाही. सर्वांत जास्त फटका लहान मुलांच्या मेंदूला. तोही असा, की मूल आजारी पडत नाही, ताप येत नाही. ते जितकं हुशार झालं असतं तितकं होत नाही, एवढंच. या नुकसानीची तक्रार कोण, कुठं करणार?

जलजीवन मिशनमध्ये २०१९पासून गावोगावच्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं जातं. चांगली गोष्ट आहे. सामू, क्षारता, नायट्रेट, फ्लोराइड, उरलेलं क्लोरिन या गोष्टी त्यातून अंगणात कळतात. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातल्या पाण्याला नायट्रेट-फ्लोराइडची तपासणी हवीच. पण शिसं-कॅडमियमसाठी बाटली अजूनही मोठ्या यंत्राकडे जाते, आणि अहवाल बोअर आटल्यावर येतो.

२

इथं जैवसंवेदकाची गोष्ट येते. ती मला इतकी आवडते, की वर्गात सांगताना तास संपतो.

बेल्जियममध्ये लिएजजवळच्या एका जस्ताच्या कारखान्यात सांडपाणी निवळायचा हौद होता. १९७६ साली त्यातल्या गाळात एक जीवाणू सापडला. जिथं काहीच जगू नये तिथं तो मजेत जगत होता. शिसं, कॅडमियम, जस्त, पारा सगळ्यांना पचवून. कसं? त्याच्या पेशीत काही प्रथिनं पहारेकऱ्यासारखी डीएनएवर बसलेली असतात. धातू आत शिरला की तो त्या प्रथिनाला चिकटतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि बंद असलेलं जनुक सुरू होतं. ते जनुक धातूला बाहेर उपसणारा पंप तयार करतं. पाऱ्यासाठी एक पहारेकरी, आर्सेनिकसाठी दुसरा, शिशासाठी तिसरा. आपल्या आतड्यातल्या साध्या ई. कोलायकडेही आर्सेनिकचा पहारेकरी असतो.

शास्त्रज्ञांनी केलं ते असं, की पहारेकरी तोच ठेवला आणि त्याच्यापुढे पंपाऐवजी दुसरं जनुक जोडलं. काजव्यासारखा उजेड पाडणारं, किंवा निळा रंग देणारं. आता धातू आला की जीवाणू चमकतो. २००६ साली एडिंबरा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी तर असा जीवाणू केला, की आर्सेनिक असलं-नसलं तर पाण्याचा सामूच बदलतो. म्हणजे शाळेतल्या प्रयोगशाळेतला दर्शकही पुरे. याशिवाय धातूमुळे मंदावणारी विकरं वापरून केलेले संवेदक आहेत, शिसं आल्यावरच तुटणारे डीएनएचे धागे आहेत. २०२०मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मंडळींनी जिवंत पेशीच काढून टाकली. आतली यंत्रणा नळीत वाळवून ठेवायची, पाण्याचा थेंब टाकला की ती चमकते. आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही प्रगत संवेदकांचं एक केंद्र आहे. तिथं वीज वाहणाऱ्या बहुवारिकांवर धातूचे आयन पकडण्याचं काम चालतं. रस्ता वेगळा, पण जायचं ठिकाण एकच.

जिवंत पेशी का काढली? कारण जनुकं बदललेला जीवाणू हापशावर नेऊन ठेवायचा तर त्याला परवानगी लागते, आणि लागावीही. बीटी कापसाला २००२ साली देशात परवानगी मिळाली त्या कहाणीत जालन्याचं नाव ठळक आहे. त्यामुळे 'बदललेला जीव' म्हटल्यावर लोक काय काय विचारतात हे आम्हांला कुणी शिकवायला नको. पाणी तपासायला आणलेलाच पाण्यात सांडला तर? हा अडाणीपणाचा प्रश्न नाही.

पण या जीवाणूकडून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, मोठं यंत्र बाटलीतला सगळा धातू मोजतं. जीवाणू फक्त पेशीत शिरू शकेल तेवढाच मोजतो. मातीच्या कणाला घट्ट चिकटलेल्या शिशाशी त्याला कर्तव्य नाही. म्हणजे एक सांगतं किती आहे, दुसरा सांगतो किती लागेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाण्यात विष फारच जास्त असेल तर जीवाणू चमकतच नाही, कारण तो मेलेला असतो. अंधाराचे दोन अर्थ होतात. पाणी अगदी स्वच्छ आहे, किंवा सांगणाराच उरला नाही. म्हणून अशा चाचणीत नेहमी दुसरी एक नळी ठेवतात. सांगणारा अजून जिवंत आहे ना, हे पाहायला.

एखाद्या गावातून पाण्याची तक्रार येत नाही असं कुणी म्हणालं, की मला ती दुसरी नळी आठवते.

३

जीवाला संवेदक करायची कल्पना जुनीच. जे. एस. हाल्डेन यांच्या सांगण्यावरून ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेऊ लागले, ते १९८६पर्यंत नेत होते. पक्षी कोसळला की माणसांनी बाहेर पळायचं. यात पक्ष्यावर अन्याय आहेच, पण निदान करार स्वच्छ आहे. पक्षी पडला तर माणूस पळणार.

जपानमधल्या मिनामाता गावात हा करार मोडला. तिथं आधी मांजरी वेड्यावाकड्या नाचल्यासारख्या झोकांड्या खात मेल्या. १ मे १९५६ रोजी माणसांमधल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. चिसो कंपनीच्या इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ साली कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिलं. प्रयोगातला त्याचा क्रमांक ४००. ते मांजर तसंच झोकांड्या खाऊ लागलं. संवेदकानं स्पष्ट उत्तर दिलं होतं. कंपनीनं ते दाबलं. पाऱ्याचं सांडपाणी १९६८पर्यंत समुद्रात जात राहिलं. होसोकावांनी ही गोष्ट न्यायालयासाठी सांगितली ती १९७० साली, इस्पितळातल्या खाटेवरून, मरणापूर्वी काही महिने.

म्हणजे मिनामातात उणीव यंत्राची नव्हती. मांजर क्रमांक ४०० हा उत्तम जैवसंवेदक होता. उणीव होती ती उत्तर कुणाच्या मालकीचं याच्या निवाड्याची. आणि त्या नऊ वर्षांत संवेदकाचं काम कोणी केलं? कोळ्यांच्या मुलांनी. आपण पाणी तपासत नाही तेव्हा तपासणी थांबत नसते. ती पिणाऱ्याच्या शरीरात चालू राहते.

यावर हमखास एक बचाव येतो, 'आम्हांला माहीतच नव्हतं.' विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७ सालच्या एका निबंधात याचं उत्तर देऊन ठेवलंय. एका जहाजमालकाला शंका येते, की जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी. पण खर्च मोठा. मग तो मनाची समजूत घालतो, आजवर इतक्या वेळा सुखरूप आलं, आताही येईल. अगदी प्रामाणिक विश्वासानं तो प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं, हा माणूस दोषी आहे. तो खोटं बोलला म्हणून नव्हे, तर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्क नव्हता म्हणून. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

पाणी तपासणं महाग आणि किचकट असतं, तोवर जहाजमालकाला सवलत मिळते. कारखानदाराला, अधिकाऱ्याला, आणि एप्रिलमध्ये 'सुटलो' म्हणणाऱ्या मलाही. स्वस्त संवेदक ही सवलत काढून घेतो. त्याचं नैतिक मोल माझ्या मते इथं आहे. दहा मिनिटांत आणि थोडक्या पैशांत कळू शकत असेल, तर न कळणं हा अपघात राहत नाही. तो निर्णय होतो.

४

पण मामींचा प्रश्न अजून तिथंच आहे.

बांगलादेशात हा प्रश्न लाखो अंगणांत एकदम उभा राहिला. तळ्याच्या पाण्यानं जुलाब होऊन मुलं मरत, म्हणून १९७०च्या दशकापासून हापसे बसवले गेले. १९९०च्या दशकात कळलं, की त्यातल्या अनेकांत जमिनीतलंच आर्सेनिक येतंय. मग जवळपास ५० लाख हापसे तपासले. चांगल्यांना हिरवा रंग, वाईटांना लाल. लाल झाले सुमारे १४ लाख. रंग सगळ्यांना समजतो, वाचता यावं लागत नाही. आपल्याकडेही ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतातच. पण ज्यांचा हापसा लाल झाला त्यांनी जायचं कुठं? काही शेजारच्या हिरव्याकडे गेले, काही पुन्हा उघड्या पाण्याकडे, म्हणजे जुलाबाकडे. काही तिथंच पीत राहिले, फक्त आता भीत भीत. शिवाय त्या देशाची मर्यादा होती लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची ०.०१. म्हणजे कितीतरी हिरवे हापसे एका आकड्यानं हिरवे आणि दुसऱ्यानं लाल. रंग पाण्यात नव्हता. किती धोका, कुणी, कुणाच्या वतीनं पत्करायचा, या ठरावाचा तो रंग होता.

मग न सांगणंच बरं का? पर्याय नसेल तर निदान सुखानं तरी पिऊ द्यावं, असं म्हणणारे दयाळू लोक मला भेटलेत. मी स्वतः एप्रिल ते जुलै त्यांच्यातच होतो. पण या दयेत एक गृहीत लपलेलं असतं, की पर्याय आहे की नाही हे आपण ठरवणार. मामींना कळलं तर त्या काय करतील हे मला ठाऊक नव्हतं. मी ते ठरवून टाकलं होतं.

आणि महाराष्ट्रात पाण्याबद्दल दुसऱ्यानं ठरवण्याचा इतिहास लहान नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर तळं 'बाटलं' म्हणून पंचगव्याचे घडे ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. पाणी तेच. त्यात भर पडली असेल तर शेणाची आणि गोमूत्राची. समाजानं शतकानुशतकं जो संवेदक वापरला तो पाणी मोजतच नव्हता, माणूस मोजत होता. पहारेकरी प्रथिनाला जात ओळखता येत नाही, हा त्याचा केवढा मोठा गुण! पण तो गुण नळीपुरता. नळी आधी कुणाच्या विहिरीत बुडवायची, अहवाल आधी कुणाला सांगायचा, गावातला एकच हापसा हिरवा निघाला आणि तो ज्या आळीत आहे तिथं सगळ्यांना पाणी भरता येतं का, हे नळीबाहेरचे प्रश्न. तिथं जुना संवेदक अजून चालू आहे. लाल रंगाच्या हापशावर उद्या नवा विटाळ बसणार नाही याची खात्री कुणी द्यावी?

५

मामींनी काय केलं ते सांगतो. त्या बोअरचं पाणी त्यांनी धुण्याला आणि वापरायला ठेवलं. पिण्यासाठी गावातल्या सार्वजनिक विहिरीवरून रोज दोन हंडे आणायला लागल्या. अंतर एका बाजूनं अर्धा किलोमीटर. वय बासष्ट. घरातले पुरुष मोटारसायकलवरून तालुक्याला जातात, येताना एखादा जार आणू शकतात, कधीमधी आणतातही. पण रोजचे हंडे मामींच्या डोक्यावर.

म्हणजे माझ्या ज्ञानाचं वजन दोन हंडे भरलं, आणि ते मी उचललं नाही. बॅटऱ्या फोडणाऱ्यानंही नाही.

तेव्हापासून मला वाटतं, की 'सांगावं की न सांगावं' हा प्रश्नच अपुरा आहे. सांगावं तर लागतंच. शरीर तिचं, नातवंडं तिची, कळण्याचा पहिला हक्क तिचा. प्रश्न हा, की कळल्यानंतरचा भार कुणी वाहायचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. १९९६ साली तमिळनाडूतल्या चर्मोद्योगाच्या, वेल्लोरच्या खटल्यात तर स्पष्ट म्हटलं, की आपल्या उद्योगानं अपाय होत नाही हे उद्योग करणाऱ्यानं सिद्ध करायचं आणि प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यायची. कायद्याच्या भाषेत भार कुणाचा हे ठरलेलं आहे. गावाच्या वाटेवर तो अजून बाईच्या डोक्यावर आहे.

म्हणून स्वस्त संवेदक यावा असं मला मनापासून वाटतं, पण एका अटीवर. जो तपासेल त्यानं उत्तराबरोबर थांबायचं. नुसता 'तिप्पट' म्हणून गाडीला किक मारायची नाही. पर्यायी पाणी येईपर्यंत, निदान त्याचा अर्ज ग्रामसभेत वाचला जाईपर्यंत, तपासणारा हा त्या घरचा माणूस. आणि तपासणी पिणाऱ्यांच्या हातात असावी, म्हणजे चारशेव्या मांजराची गोष्ट कपाटात बंद होणार नाही. पाच बायकांच्या किटमध्ये उद्या शिशाची नळीही असेल तर पहिला फायदा हाच, की माझ्यासारख्यानं तीन महिने गप्प बसायची सोय राहणार नाही.

यंदा आम्ही ग्रामसभेत अर्ज दिला. त्या शिवारातली काळी माती उचलावी आणि त्या बाजूच्या घरांना विहिरीवरून नळ द्यावा. सही मामींची, मसुदा माझा. ठराव झाला, पाइप यायचा आहे. मधल्या काळात मी गेलो की दोन हंडे आणतो. मामी संकोचतात, "लोकं काय म्हणतील, मास्तर पाणी वाहतोय." मी म्हणतो, म्हणू द्या.

परवा निघताना त्यांनी नेहमीसारखा पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्यालो. मग त्यांनी विचारलं, "हे विहिरीचं तरी तपासलं का बाबा?"

तपासलं नव्हतं. पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि विहिरीकडे चालायला लागलो. मामी चप्पल घालून मागोमाग आल्या.